छावणीत सांगितलेला खटला

त्या वर्षी तत्त्वज्ञान घेतलेली पोरं मोजकीच होती, आणि दिवाळी झाली तशी त्यातली निम्मी आई-बापांबरोबर ऊसतोडीला निघून गेली. तालुक्याच्या गावातलं आमचं कॉलेज. मी तिथं तत्त्वज्ञान शिकवायचो. हा विषय आवडीनं कुणी घेत नसे. इतिहासाचा वर्ग भरला की उरलेली पोरं माझ्याकडं यायची, आणि ग्रीक तत्त्वज्ञानाची ओळख हा पहिला पेपर बघून घाबरायची.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. संक्रांतीनंतर एक दिवस मी वर्गात गेलो तर बाकं रिकामी. तसाच परत निघालो तर दारात एक विद्यार्थिनी उभी. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी. ओढणीनं घाम पुसत म्हणाली, "सर, माझी हजेरी लावता येईल का? मी छावणीवर हाय. आई-बाप कारखान्यावर गेलेत. आजोबाला एकट्याला जनावरं सांभाळत न्हाईत."

"हजेरीचं बघू," मी म्हणालो, "पण पेपर कसा देणार? अजून सॉक्रेटिससुद्धा झाला नाही."

"मग तुमीच या की तिकडं," ती हसून म्हणाली. ती चेष्टा करत होती. मी मात्र गेलो.

का गेलो, हे खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. पगार एक तारखेला होत होता. कॉलेजला टँकर येत होता. सगळा तालुका काही ना काही सोसत होता आणि मी रिकाम्या खोलीत बसून अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सची टिपणं काढत होतो. कुणी मला काही म्हणत नव्हतं, पण रस्त्यानं घागरी घेऊन चाललेल्या बायका दिसल्या की माझी मान आपोआप खाली जायची.

छावणी नांदूरघाटच्या रस्त्याला एका पडीक माळावर होती. दुष्काळात सरकार चारा-पाण्याला अनुदान देतं आणि सहकारी संस्था जनावरं ठेवून घेतात, तशी ही तालुक्यातल्या एका दूध संस्थेनं चालवलेली; तिचे चेअरमन म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. बांबूवर पाचट टाकून केलेल्या सावल्या, त्याखाली गावागावचे बैल, गायी, म्हशी, आणि जनावरांच्या पायाशीच टाकलेल्या बाजांवर त्यांची माणसं. दुपारी टँकर यायचा, संध्याकाळी चारा वाटायचे. मधल्या वेळात करायला कुणाला काही नसायचं. बसायचं, आभाळाकडं बघायचं.

त्या विद्यार्थिनीची एक बैलजोडी आणि एक गाय होती. तिनं आजोबांना उठवून मला बाजेवर जागा करून दिली. वर्गातले आणखी दोघे छावणीतच होते, ते आले. मी घसा खाकरून सुरुवात केली. थेल्सपासून करावी लागते, तशी केली. ग्रीकांचा पहिला तत्त्वज्ञ. हे जग देवांनी कसं केलं याच्या गोष्टी सांगण्याऐवजी, हे कशाचं बनलंय असा सरळ प्रश्न त्यानं विचारला, आणि उत्तर दिलं की सगळं पाण्यापासून झालं.

आजोबा पाठ करून पडले होते. ते न वळताच म्हणाले, "हे सांगायला तिकडून माणूस आणावा लागतो व्हय?"

आजूबाजूची माणसं हसली आणि जरा सरकून जवळ आली. मी पुढं सांगितलं की हा थेल्स आकाशातले तारे बघत चालला होता, पायाखाली बघितलं नाही आणि विहिरीत पडला.

आता आजोबा उठून बसले. "विहिरीत पाणी हुतं का?"

"असावं."

"मग बरोबर हाय त्याचं. पाण्यात पडला म्हणून वाचला, म्हणून म्हणाला सगळं पाणीच हाय. आमच्या विहिरीत पडला असता तर सगळं दगडच हाय म्हणाला असता."

इतकी वर्षं मी थेल्स शिकवला, पण वर्गात असं हसू कधी उसळलं नव्हतं. मला चेव आला. लोक थेल्सला म्हणायचे, तुझ्या शहाणपणाचा उपयोग काय, तू तर गरीबच. म्हणून एका हिवाळ्यात त्यानं हवामानाचा अंदाज घेतला, पुढच्या वर्षी ऑलिव्हचं पीक जोरात येणार हे ओळखलं, आणि तेलाचे सगळे घाणे आधीच भाड्यानं धरून ठेवले. पीक आल्यावर ज्याला त्याला त्याच्याकडंच यावं लागलं.

"म्हंजी ह्यो बी चेअरमनच की!" आजोबा म्हणाले. हसू आलं, पण बऱ्याच जणांनी आधी मागं वळून बघितलं आणि मग ते हसले.

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा सायकलवर तिकडं जाऊ लागलो. अनुक्रम मोडला. जनावरांत बसलोय म्हणून ॲरिस्टॉटल आधी घेतला. त्यानं कोंबडीखालची अंडी दिवसागणिक एकेक फोडून आत पिल्लू कसं घडत जातं ते बघितलं, मासे चिरून बघितले, मधमाश्यांबद्दल लिहिलं. जे आहे ते आधी नीट बघा, मग बोला, ही त्याची शिस्त. हा माणूस छावणीला पटला. प्लेटो तितका पटला नाही. गुहेत बांधलेली माणसं भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं मानतात, इथपर्यंत माना डोलल्या. पण ज्याला बाहेरचा उजेड दिसला, ज्याला खरं ज्ञान झालं, त्यानंच राज्य करावं, असं म्हटल्यावर एक बाई म्हणाली, "आन् त्याला लई कळतंय हे ठरवायचं कुणी? त्यानंच?" माझी विद्यार्थिनी वहीत लिहिता लिहिता थांबली आणि तिनं त्या बाईकडं असं बघितलं, जसं तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं.

सॉक्रेटिस मी शेवटी ठेवला होता. तो माझा आवडता. पाथरवटाचा आणि सुईणीचा मुलगा. अनवाणी बाजारात हिंडायचा, एक ओळ कधी लिहिली नाही. सेनापती भेटला की विचारायचा, शौर्य म्हणजे काय? न्यायाच्या गप्पा मारणारा भेटला की विचारायचा, न्याय म्हणजे काय? आपल्याला काहीच माहीत नाही असं धरून एकेक साधा प्रश्न विचारत जायचा. समोरचा हो हो म्हणत जायचा आणि शेवटी स्वतःच्याच बोलण्यात अडकायचा. भोवती तरुण पोरं जमायची, मोठ्या माणसाची फजिती बघून हसायची, आणि घरी जाऊन तसेच प्रश्न विचारायची. मी म्हणालो, "प्रश्नांनी कुणाला एवढा राग आला नव्हता. राग आला तो हसण्यानं."

हे वाक्य मी बोललो, हे मला पक्कं आठवतं.

मग खटला सांगितला. शहराचे देव मानत नाही आणि तरुणांना बिघडवतो, असे दोन आरोप. नागरिकांनीच मतं टाकून त्याला मरणाची शिक्षा दिली. मित्रांनी तुरुंगातून पळवायची तयारी केली होती. तो नाही म्हणाला. जन्मभर ज्या शहराच्या कायद्यात राहिलो तो आपल्यावर उलटला म्हणून मोडायचा नाही, असं त्याचं म्हणणं. विषाचा प्याला त्यानं शांतपणे घेतला.

बैल रवंथ करत होते. मग आजोबा म्हणाले, "पळून जायला पायजे हुतं. बायको हुती का घरी?"

"होती. तीन मुलं. एक अगदी लहान."

"मग? स्वतः सुटला. तिच्या घरचं पाणी कुणी भरायचं?"

"आजोबा," ती म्हणाली, "तो पळाला असता तर तुमी आज त्याची गोष्ट ऐकत बसला असता का?"

"मी बसलोय ते बाज माझी हाय म्हणून."

सगळे हसले, मीही हसलो. सायकलवर घरी येताना मला इतकं बरं वाटत होतं की चार महिन्यांनी पहिल्यांदाच मी रस्त्यावरच्या घागरींकडं बघितलं नाही.

पुढं जे झालं तेव्हा मी तिथं नव्हतो. परीक्षेचे पेपर काढत घरी बसलो होतो. छावणीतल्या दोघांपैकी एक विद्यार्थी दुसऱ्या दिवशी सकाळी धापा टाकत आला आणि त्यानं सांगितलं.

तहसीलमधून साहेब तपासणीला आले होते. माणसं गोळा करून, काही अडचण आहे का, असं त्यांनी विचारलं. अशा वेळी कुणी काही बोलत नसतं. माझी ती विद्यार्थिनी उभी राहिली. साहेबांना नाही, तर छावणीच्या मॅनेजरला म्हणाली, "मला जरा समजून घ्यायचं हाय. छावणी कशासाठी हाय?"

मॅनेजर हसत म्हणाला, "जनावरं जगावीत म्हणून."

"मग टँकरचं पाणी कुणासाठी?"

"जनावरांसाठीच की, पोरी."

"जनावरांचं पिऊन झालं का, हे टँकर जायच्या आधी तुमी बघता?"

"बघतो. रोज."

"मग हौद कोरडे असताना अर्धा भरलेला टँकर मोसंबीच्या बागंकडं कावून जातो? बागंत जनावरं हायेत का?"

मॅनेजर साहेबांकडं बघायला लागला. आणि सगळी छावणी हसली. साहेबसुद्धा हसले, म्हणे. बाग चेअरमनची होती, हे साहेब सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"सर, काय विचारलं तिनं! अगदी तुमच्यासारखं!" तो विद्यार्थी आनंदानं सांगत होता. मग त्याचा आवाज उतरला. "सकाळीच त्यांना जनावरं सोडायला लावलीत."

मी पोचलो तेव्हा आजोबा खुंटे उपटत होते. मॅनेजर नम्रपणे म्हणाला, "सर, काढलं कुठं? त्यांच्या गावाच्या अंगाला दुसरी छावणी सुरू झालीय. नियमानं तिकडचे हायेत ते." ती दुसरी छावणी कुठं आहे, कुणाला माहीत नव्हतं. होती ती भलतीच लांब आणि आधीच भरलेली, हे नंतर कळलं.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सर, हौद भरले. काल संध्याकाळी टँकर पुन्हा आला." ती खूश होती. तिच्या हातात गायीचा कासरा होता.

मी तसाच चेअरमनकडं गेलो. आमच्या कॉलेजच्या मंडळावरही ते होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मी हात जोडले. म्हणालो, पोरगी लहान आहे, आई-बाप गावात नाहीत, एकच बैलजोडी आहे, पोटात घाला.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, "पोरगी हुशार हाय. तिला कुणी वाकडं बोललं का? न्हाई. तुमाला कुणी काही बोललं का? न्हाई. सर, तुमी गोष्ट सांगितली, जनावरं तिची गेली. हितून पुढं गोष्ट सांगताना एवढं बघत जा."

मी चहा प्यायलो. पिऊन बाहेर आलो. तरुणांना बिघडवतो हा आरोप खोटा होता, असं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. त्या दिवशी मला वाटलं, खोटा असो की खरा, निदान तिथं प्याला शिकवणाऱ्याच्या हातात दिला होता. इथं माझी नोकरी जाग्यावर होती, पगार होणार होता, आणि मी दुसऱ्याच्या बैलांसाठी चहा पिऊन आलो होतो.

संध्याकाळी मी बैल आणि गाय माझ्या घरी आणली. घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या आणि पुढं अंगण. घरमालक मुसलमान गृहस्थ, विहिरींच्या मोटारी दुरुस्त करून द्यायचं त्यांचं दुकान. विहिरीच आटल्यामुळं दुकान बंदच होतं. मी चाचरत विचारलं तर म्हणाले, "बैलच हैं ना मास्टर, हाथी तो नहीं. बांधो." बायको दारात येऊन बघत राहिली. "हे पण ग्रीकांनीच सांगितलं का?" ती म्हणाली, आणि आत जाऊन बादली घेऊन आली.

नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवस पाणी नसायचं. आम्ही अंघोळी सोडल्या, अंग पुसून घ्यायचो आणि राहिलेलं पाणी जनावरांना द्यायचो. चारा मी बाजारातून आणायचो. आजोबा अंगणात बैलांशेजारी झोपायचे. ती सकाळी शेण काढून कॉलेजला यायची. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसांत मला बरं वाटायचं. गोनपाटानं बैलांची अंगं पुसताना वाटायचं, फिटतंय थोडं थोडं.

आजोबांना मात्र दिवसेंदिवस जड होत चाललं होतं. माझ्याशी ते बोलेनासे झाले. बायकोनं भाकरी दिली की खाली मान घालून खायचे. एकदा मी ऐकलं, ते घरमालकांना म्हणत होते, "बाई स्वतः अंघोळ करीत न्हाई आन् पाणी बैलाला पाजती. हे मी कोणत्या जन्मी फेडू?"

हे ऐकूनही मला काही सुचलं नाही. मी आपला माझं फेडण्यात होतो.

एका बाजाराच्या दिवशी ती कॉलेजात असताना आजोबांनी बैल सोडले आणि नेऊन विकले. दुपारी आम्ही बरोबरच घरी आलो. अंगणात गाय एकटी उभी होती. आजोबा बाजेवर बसलेले, हातात नुसते कासरे.

"कुणाला दिले?" तिनं विचारलं.

"गिऱ्हाईकाला."

"मला कावून विचारलं न्हाई?"

ते कासरे गुंडाळू लागले. मी मध्ये पडलो. म्हणालो, "त्यांना बोलू नकोस. चूक माझी आहे. मी ती गोष्ट सांगितली नसती तर तू काही विचारलं नसतंस."

ती माझ्याकडं वळली. तिला इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"सर, पाणी बागंत जाताना मी रोज बघत होते. तुमी यायच्या आधीपासून. प्रश्न माझा होता. तुमी म्हणता तुमची चूक, आजोबा म्हणतात तुमचे उपकार. दोघांनी मिळून बैल वाटून घेतले, मग मी ह्याच्यात कुठं हाय?"

ज्यांनी खटला भरला त्यांनीही असंच धरलं होतं की पोरांना स्वतःचं डोकं नसतं, कुणीतरी बिघडवल्याशिवाय ती प्रश्न विचारत नाहीत. मी सॉक्रेटिसची बाजू घ्यायला निघालो होतो आणि बसलो होतो त्याच्या विरुद्ध मत टाकणाऱ्यांत. पण हे कळल्यानं अंगणातली रिकामी जागा भरली नाही.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी गाय घेऊन गावाकडं चालायला सुरुवात केली. बायकोनं भाकरी बांधून दिल्या. आजोबांनी तिच्या पायाला हात लावायला वाकू बघितलं, ती दचकून मागं सरकली.

पुढच्या साली पाऊस झाला. त्यांनी भाड्याच्या ट्रॅक्टरवर पेरणी केली, असं ऐकलं. ती बी.ए. झाली, मग तिनं नर्सिंगचा कोर्स केला. मी सॉक्रेटिस शिकवत राहिलो, पण खटल्यापाशी आलो की भराभर उरकायचो. प्याला घेतला, मेला, पुढचा मुद्दा. पोरांना वाटायचं सरांना घाई आहे.

दोन वर्षांपूर्वी बायकोच्या मोतीबिंदूसाठी अंबाजोगाईला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी तपासायला तिला आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसलो, तर एक सिस्टर समोर येऊन उभी राहिली. केस पिकायला लागलेले, चष्मा. "सर, ओळखलं का?"

ओळखलं. आजोबांचं विचारलं. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी पुन्हा तेच काहीतरी पुटपुटायला लागलो. तिनं हात वर करून थांबवलं.

"अजून तेच धरून बसलाय व्हय? पोरांना सांगता का माझं?"

"नाही."

"कावून?"

"तुला विचारलं नव्हतं."

"आता विचारा."

"सांगू?"

"सांगा. पण मला बिचारी करू नका. आन् हौद भरले होते, ते आधी सांगा." तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि ती निघून गेली.

परतीच्या एसटीत बायको डोळ्यावर हिरवी पट्टी लावून खिडकीशी बसली होती. केज जवळ आलं. मग म्हणालो, आपल्या अंगणात बैल होते ना, ती पोरगी दवाखान्यात भेटली.

बायकोनं चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. "आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? मी दाराच्या पलीकडं तर होते."

"राहून गेलं."

"मला तिला बघायचं होतं हो," ती म्हणाली, आणि खिडकीकडं तोंड केलं.